लांडोर बंगला आणि बाबासाहेबांचा कोट

आज ३१ जुलै. १९३७ साली बाबासाहेब कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले, तेव्हा लळिंगच्या लांडोर बंगल्यात थांबले होते. आज तिथे जमलेल्यांत विषय निघाला नागपूरजवळच्या चिचोलीच्या शांतिवन संग्रहालयातल्या त्यांच्या कोटांचा. इतकी जुनी लोकर टिकते कशी?

लोकरीचा खरा शत्रू कसर, म्हणजे कपडे खाणारी कीड. तिच्या अळ्या काखेत, कॉलरखाली, घामाचे डाग असतील तिथे आधी लागतात. कोट पॉलिथिनमध्ये हवाबंद करून उणे १८ अंशांत दोन आठवडे ठेवला की अळ्या-अंडी मरतात. बाहेर काढल्यावर पिशवी २४ तास उघडायची नाही. घाई केली की थंड कापडावर दव धरतं आणि बुरशीला वाट मिळते. डांबरगोळ्या मात्र कापडाला लागून नकोतच, डाग पडतात.

प्रकाश ५० लक्सपर्यंतच (लक्स हे उजेड मोजायचं एकक), कारण उडालेला रंग परत येत नाही. आर्द्रता साधारण ५० टक्के आणि स्थिर हवी. आपल्याकडे मे महिन्यातला कोरडा फुफाटा आणि लगेच जुलैची ओल, हा झोकाच धाग्याला तोडतो. तारेचा हँगर खांद्यांवर ताण देतो, गंजतोही. कोट आडवा ठेवावा, घड्यांत आम्लमुक्त कागदाच्या गुंडाळ्या घालाव्यात.

आणि धुवायचा नाही, इस्त्री तर नाहीच. बाहीवरचा शाईचा डागसुद्धा त्या माणसाच्या कामाचा पुरावा असतो. कुणाच्या घरी चळवळीतल्या आजोबांचा कोट असेल, तर आजच ट्रंकेतून काढून काखा तपासा.