रिकाम्या खोलीतला पासवर्ड

दूरच्या कॉम्प्युटरवरचा फाइल सिंक बंद पडलाय हे मला तीन आठवड्यांनी कळलं, तेही एक फाइल शोधताना. एसएसएचने (दुरून नुसत्या कमांड टाइप करून मशीन चालवायची सोय) आत शिरलो तर प्रोग्रॅम मस्त चालू, एरर वगैरे काही नाही. बंद करून परत चालू केला, मग अकाउंटचा पासवर्डच बदलून टाकला (शुद्ध गाढवपणा, कारण त्याने बाकीच्या मशीनवरचा सिंकही बसला), पण हा आपला ढिम्म.

शेवटी रिमोट डेस्कटॉपने त्याचा स्क्रीन बघितला आणि हसावं की रडावं कळेना. मधोमध एक छोटी खिडकी, कीरिंग उघडायला पासवर्ड द्या म्हणून. बिचारी तीन आठवडे रिकाम्या खोलीत विचारत बसलेली.

झालं होतं असं की मशीन रीस्टार्ट झालं तर लॉगिन आपोआप व्हावं ही सोय मीच करून ठेवलेली, आणि लिनक्सवर साठवलेले पासवर्ड (सिंकचाही) ज्या कीरिंगमध्ये असतात तिचं कुलूप उघडतं ते लॉगिन करताना टाइप केलेल्या पासवर्डनेच, आता ऑटो लॉगिनमध्ये टाइप कोण करतंय? बरं एसएसएचने मी येतो तोही की-फाइल दाखवून, पासवर्ड न देता. म्हणजे माणूस घरात, पण कपाट बंद ते बंदच.

कीरिंगचा पासवर्ड कोरा ठेवायचा असाही एक उपाय असतो. मग ती काही विचारत नाही, पण आतलं सगळं डिस्कवर उघड्या अक्षरांत. नको वाटलं. त्यापेक्षा सिंकपुरता वेगळा ॲप पासवर्ड काढला, तो नेटआरसी फाइलमध्ये लिहिला (लॉगिन-पासवर्ड लिहून ठेवायची, एफटीपीने फाइली पाठवायच्या जमान्यातली फाइल ही, अजून कामाला येते), तिला ६०० परमिशन दिली म्हणजे वाचणार मी नाहीतर रूट (मशीनचा सर्वाधिकारी), आणि कमांड लाइनवाला सिंक क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) दर १५ मिनिटांनी लावला. आता हाही उघड्या अक्षरांतच आहे, कबूल, पण गेली तर एक चिठ्ठी जाईल, अख्खं कपाट नाही, आणि ती चिठ्ठी मी कुठूनही रद्द करू शकतो.

फाइल्स धडाधड यायला लागल्या. मग आठवलं, ती खिडकी अजून तशीच असेल. परत रिमोट डेस्कटॉपने जाऊन कॅन्सल दाबलं, तर लगेच दुसरी आली.