हाताची सफाई मोजताना

दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेत कोणाचा हात किती सफाईदार, हे पूर्वी ज्येष्ठ शल्यविशारदाच्या नजरेवरच ठरत असे, आणि नजरेत आवडनिवड मिसळतेच. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमध्ये विकसित झालेल्या पद्धतीत दोन्ही हातांच्या पाठीवर विद्युतचुंबकीय संवेदक लावून हालचालींची संख्या, हातांनी कापलेले एकूण अंतर आणि लागलेला वेळ नोंदवतात. अवजार आत घालण्यासाठी पोटाच्या भिंतीत पाडलेले छिद्र टेकूसारखे काम करत असल्याने हात डावीकडे नेला की अवजाराचे टोक उजवीकडे जाते. म्हणूनच नवशिका चाचपडत राहतो, तर सरावलेला हात टाक्याची तीच गाठ मोजक्या हालचालींत मारतो. नुसत्या आकड्यांवर भिस्त ठेवणे मला मात्र पटत नाही, कारण जवळचा मार्ग चुकीच्या रक्तवाहिनीपर्यंतही जाऊ शकतो आणि ती चूक संवेदकाला दिसत नाही; त्यासाठी चित्रफीत पाहून गुण देणारा जाणकार अजूनही लागतो.