लहान मुलांसोबत अंबाझरी जैवविविधता उद्यान

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हेच खरे दिवस. उन्हाळ्यात नागपूरचा पारा ४५ च्या घरात जातो आणि या माळरानावर सावली फारच कमी. गेट उघडताच आत शिरा, ऊन चढायच्या आत परता.

मुलांना फुलपँट घाला. पायमोजे मात्र गुळगुळीत विणीचे हवेत, कारण पावसाळ्यानंतर वाळलेल्या कुसळी गवताची टोकं लोकरी मोज्यांत घुसतात. कुसळ टोकाकडून ओढलं तरच सहज निघतं. उलटं खेचलं की त्याचे बारीक केस अडकतात, मूल रडतं आणि सहल तिथेच संपते.

दुर्बिणीचा आग्रह पाच वर्षांच्या आत नको. दोन भिंगांमधलं अंतर इवल्या डोळ्यांना जुळत नाही, त्यांना नुसता काळोख दिसतो. त्यापेक्षा वेडा राघू हा पक्षी दाखवा. हिरवा, चिमणीएवढा, शेपटीतून दोन बारीक पिसं निघालेली. मधमाशी पकडून तो त्याच फांदीवर परततो, तिला आपटून-घासून नांगी काढतो, मगच गिळतो. म्हणून त्याच्यामागे पळू नका, सूर्य पाठीशी घेऊन जागेवरच थांबा. हे पाहताना तीन वर्षांचं पोरही गप्प उभं राहतं!

पाणी माणशी अर्धा लिटर तरी न्या. संत्र्यांची सालं पिशवीत परत आणा.