कोंबड्यांना पाण्यातून औषध देताना

शिरूर तालुक्यात माझं गावरान कोंबडीपालन आहे. लॉट साधारण पाचशे पक्ष्यांचा. मागच्या पावसाळ्यात दीड महिन्याचे पक्षी घुरघुरायला लागले आणि मर वाढली. औषधाच्या दुकानात अशा वेळी आपलं बोलणं पूर्ण व्हायच्या आत बाटली समोर येते. मी ताजे मेलेले पक्षी बर्फात घालून पुण्यात औंधच्या पशुरोग प्रयोगशाळेत नेले.

चिरल्यावर हृदयावर, यकृतावर पांढरट पापुद्रा. ई-कोलाय हा जंतू निघाला. कोणतं औषध त्याला लागू पडतं याची चाचणीही सांगितली. रिपोर्ट येईपर्यंत आमच्या डॉक्टरांनी ओलं तूस काढायला, पडदे उघडून वारा खेळवायला आणि पक्षी ज्यातून पाणी पितात ती निपलची लाइन धुवायला लावलं. रिपोर्टमध्ये एन्रोफ्लॉक्सासिन या प्रतिजैविकाला जंतू दाद देत नव्हता, डॉक्सिसायक्लिनला देत होता. दुकानात एन्रोफ्लॉक्सासिनच मिळालं असतं. (पूर्वी ई-कोलायवर सर्रास देत ते कोलिस्टिन २०१९ पासून खाण्यासाठी पाळलेल्या पशुपक्ष्यांत बंद आहे.)

खरं काम पुढेच होतं. लिटरला अमुक ग्रॅम असं सगळे सांगतात, पण पावसाळी गारव्यात पक्षी कमी पितात आणि डोस आपोआप कमी पडतो. म्हणून डॉक्टरांनी वजनावर हिशोब केला. चारही कोपऱ्यांतले पक्षी पकडून तोलले, सरासरी ८०० ग्रॅम. पाचशे पक्ष्यांचं ४०० किलो. डॉक्सिसायक्लिन किलोला २० मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला ८ ग्रॅम औषध. पावडर १० टक्क्यांची, म्हणून ८० ग्रॅम. स्वयंपाकघरातल्या चमच्याने हे जमत नाही, डिजिटल काटा लागतो.

आमच्या बोअरचं पाणी जड. त्यातलं कॅल्शियम डॉक्सिसायक्लिनला धरून ठेवतं आणि ते अंगी लागत नाही. डॉक्टरांनी सांगितल्या प्रमाणात सायट्रिक ॲसिड घातलं, शिंपल्यांची भरड बंद केली, पाण्यात टाकायची टीसीएल (क्लोरीनची पावडर) हीही तेवढे दिवस बंद. खाद्याच्या पोत्यावरचं लेबल वाचलं, त्यात आधीच क्लोरटेट्रासायक्लिन हे त्याच गटातलं औषध नाही ना हे बघायला. द्रावण रोज सकाळी ताजं, उरलेलं टाकून द्यायचं. तिसऱ्या दिवशी पक्षी टवटवीत दिसले, तरी पाच दिवसांचा कोर्स पुरा केला.

याच टाकीवर शेजारच्या खुराड्यातल्या अंड्यावरच्या कोंबड्या होत्या. त्यांचं पाणी पहिल्याच दिवशी तोडून वेगळं केलं, कारण हे औषध अंड्यात उतरतं.

पाकिटावर औषधानंतर किती दिवस थांबायचं ते छापलेलं नव्हतं. अशा वेळी औषध नियमांप्रमाणे मांसासाठी किमान २८ दिवस, दूध-अंड्यांसाठी ७. शेडच्या दारावर शेवटच्या डोसची आणि विक्रीची तारीख खडूने लिहिली. मधेच श्रावण संपला, भाव चढला. व्यापारी गाडी घेऊनच आला, म्हणाला, "भाऊ, पक्षी ठणठणीत आहेत, कोण तपासतंय?" त्याला दारावरची तारीख दाखवली. तो दुसऱ्याचा लॉट भरून गेला. आमचा माल गेला तेव्हा भाव किलोमागे थोडा उतरला होता, पण वजन वाढल्याने फार फटका बसला नाही.

पावडर थोडी उरली होती. शेजारच्या काकांनी शेळ्यांसाठी मागितली, दिली नाही. मोठ्या शेळीच्या पोटात चारा पचवणारे जंतूच असतात. असलं औषध तोंडातून गेलं तर तेही मरतात आणि शेळी रवंथ सोडते. काका दोन दिवस बोलले नाहीत.