केटीएम ड्यूक ३९० बाइकचा इंजेक्शन प्रोजेक्ट: साडेचार हजारांचा झटका सापडला, पेट्रोल निर्दोष सुटलं

मंडळी, झटका गेला. ४,२०० ते ४,८०० आरपीएम, थ्रॉटल ८ टक्क्यांच्या आसपास, चौथा गिअर, ताशी साठच्या आतबाहेर. थ्रॉटल एका जागी धरला की गाडी मागे-पुढे डुलायची, तोच तो. नव्या कात्रज बोगद्यापासून खेड शिवापूरपर्यंत मुद्दाम त्याच टप्प्यात रेंगाळत गेलो, ट्रकवाल्यांच्या शिव्या खाल्ल्या, पण गाडी दोरीत चालल्यासारखी सरळ.

गंमत म्हणजे ज्या इंधनाच्या टेबलवर (कुठल्या आरपीएमला, किती थ्रॉटलवर किती पेट्रोल, त्याचा तक्ता) एवढं डोकं फोडलं, त्याचा या झटक्याशी काडीचा संबंध नव्हता.

मागच्या नोंदी वाचलेल्यांना सेटअप माहीत आहे. पहिल्या पिढीची ३९०, म्हणजे केबल थ्रॉटलवाली. ३७३ सीसी, बॉशचा ईसीयू (इंजिनचा संगणक), हेडरवर, म्हणजे एक्झॉस्टच्या पहिल्या पाइपवर, नॅरोबँड ओटू सेन्सर (ऑक्सिजन बघून पेट्रोल जास्त की कमी एवढंच सांगणारा). मुळात ३,५०० ते ५,५०० एवढ्या रुंद पट्ट्यात गाडी हुंदके द्यायची. ते क्लोज्ड लूपचं, म्हणजे सेन्सर बघून पेट्रोल बदलत राहण्याचं, काम होतं. नॅरोबँड ०.४५ व्होल्टच्या अलीकडे-पलीकडे उड्या मारतो, त्यावर ईसीयू मिश्रण लॅम्डा १ (हवा-पेट्रोलचं नेमकं प्रमाण; १ च्या खाली म्हणजे पेट्रोल जास्त) भोवती झुलवत ठेवतो, आणि एकच मोठा सिलिंडर असलेल्या हलक्या गाडीला हलक्या थ्रॉटलवर ते झुलणं जाणवतं. ओटू ऑप्टिमायझर (सेन्सरचा सिग्नल बदलून ईसीयूला देणारी छोटी पेटी) लावून लक्ष्य ०.९६–०.९७ वर सरकवलं आणि तो रुंद पट्टा शांत झाला. पुढे फुल थ्रॉटलचं मिश्रण हातात यावं म्हणून पिगीबॅक (मूळ ईसीयूच्या जोडीला बसून त्याचे आकडे बदलणारी पेटी) बसवला, इंधन आणि इग्निशन दोन्ही टेबलं असलेला. त्यात एका ओळखीच्याकडून आलेला मॅप, म्हणजे टेबलांमधले आकडे, भरला. तेव्हापासून ४,५०० च्या आजूबाजूची ही चिंचोळी फट उरली. जुन्या पट्ट्याच्या आतच असल्यामुळे ती जुन्या दुखण्याची शिल्लक वाटत होती.

वाइडबँडनेही (लॅम्डाचा नेमका आकडा देणारा, मी वेगळा लावलेला सेन्सर) तेच सांगितलं. त्या टप्प्यात लॅम्डा १.१०, म्हणजे चांगलंच लीन, पेट्रोल कमी. टेबलच्या त्या सेलमध्ये (चौकटीत) ४ टक्के इंधन वाढवलं. आकडा हलला नाही. ८ टक्के केलं, तरी १.१०. उलट भलतीकडेच बदल दिसला. ८,००० आरपीएमला फुल थ्रॉटलवर जिथे ०.८९ होतं तिथे ०.९३ यायला लागलं, आणि त्या सेलला मी हातही लावला नव्हता.

क्लोज्ड लूपमध्ये पिगीबॅकने ओतलेलं पेट्रोल ईसीयूला ओटू सेन्सरवर दिसतं. तो इंजेक्टरची वेळ तेवढी आखडतो आणि हिशेब पुन्हा आपल्या लक्ष्यावर आणून ठेवतो. आपण घातलं, त्याने काढलं. एवढ्यावर थांबलं असतं तर चाललं असतं. पण असं बराच वेळ चाललं की ही काटछाट त्याच्या शिकलेल्या ट्रिममध्ये (लक्षात ठेवलेल्या दुरुस्तीत) जाऊन बसते, आणि माझ्या लॉगवरून तरी ती ट्रिम ओपन लूपमध्येही, म्हणजे सेन्सर न बघता चालतानाही, लागू होतेय. म्हणजे हलक्या थ्रॉटलवर ओतलेलं पेट्रोल फुल थ्रॉटलवर वजा झालं. वाढवलेलं इंधन काढून टाकलं, गाडी रोजच्यासारखी फिरवली, ०.८९ परत आलं. नुसता पिगीबॅक लावून क्लोज्ड लूपच्या सेलमध्ये आकडे भरणाऱ्यांनी याचा एकदा विचार करावा. तिथे एकतर ऑप्टिमायझर हवा, नाहीतर त्या सेलना हात लावू नये.

पण १.१० तसाच होता. ऑप्टिमायझरने लक्ष्य ०.९७ ठेवलंय आणि ईसीयू ते पाळतोय, तर वाइडबँडला १.१० दिसतंच कसं? म्हणून स्टॉक सेन्सरच्या वायरला मागून पिन घालून मल्टिमीटर लावला. सेन्सरच्या बाजूने, ऑप्टिमायझरच्या अलीकडे. त्याच आरपीएमला, त्याच थ्रॉटलवर व्होल्टेज बहुतेक वेळ ०.७ च्या वर. म्हणजे रिच, पेट्रोल जास्त. एकाच पाइपवर दोन सेन्सर, एक रिच म्हणतोय, दुसरा लीन.

दोघांच्या मध्ये काय आहे? हेडर आणि पोटाखालच्या डब्याचा सांधा. स्टॉक सेन्सर सांध्याच्या अलीकडे, वाइडबँडचा बंग (सेन्सर बसवायची, पाइपला वेल्ड केलेली कडी) पलीकडे, कारण वेल्डरला तिथेच जागा मिळाली. घरचा ब्लोअर सायलेन्सरच्या तोंडाला चिंध्या गुंडाळून लावला, सांध्यावर साबणाचं पाणी सोडलं, आणि खालच्या बाजूने बुडबुड्यांची माळच सुटली. गळती म्हटलं की आपल्याला वाटतं वायू बाहेर जातोय. पण एका सिलिंडरच्या एक्झॉस्टमध्ये दोन धक्क्यांच्या मधे दाब बाहेरच्या हवेपेक्षा खाली जातो आणि फटीतून हवा आत ओढली जाते. सेन्सर मोजतो ऑक्सिजन. त्याला काय कळणार तो कुठून आला! वर ६,००० नंतर प्रवाहच इतका असतो की ही चोरटी हवा त्यात बुडून जाते, म्हणून वरचे आकडे पहिल्यापासून नीट होते. मिसफायर झाला तरी असंच खोटं लीन दिसतं, तेही ध्यानात असू द्या.

नाना पेठेतून ग्रॅफाइटचं गॅस्केट आणि नवा क्लॅम्प आणला. दुकानदाराने आधी ‘सिल्व्हर पेस्ट लावा, होऊन जाईल’ म्हणून टोलवायचा प्रयत्न केला. पेस्ट टिकत नाही, दोन पावसाळी फेऱ्यांत खपली धरून निघते. गॅस्केटच घ्या. बसवलं, चालवली, वाइडबँड ०.९६. दोन्ही सेन्सर एकमतावर.

आणि झटका? होता तसाच.

इथे मात्र डोकं फिरलं. मग वाटेकरी एकेक करून बाजूला काढले. चेन आणि थ्रॉटल केबलचं फ्री प्ले आधीच मापात होतं. पिगीबॅकचं इंधन टेबल पूर्ण शून्य केलं, झटका कायम. ते परत भरून इग्निशन टेबल शून्य केलं आणि झटका गायब. टेबल उघडून बघतो तर हलक्या थ्रॉटलच्या रकान्यात ४,००० ला +१ अंश, ४,५०० ला +५, ५,००० ला ० (ठिणगी किती अंश आधी पडते, तो अ‍ॅडव्हान्स). कोणीतरी वेगळ्या एक्झॉस्टसाठी, बहुधा डायनोवर (रोलरवर गाडी चालवून ताकद मोजायच्या यंत्रावर) एकाच आरपीएमला धरून, तो +५ काढलेला असणार. रस्त्यावर काय होतं बघा. आरपीएम ४,५०० कडे सरकला की अ‍ॅडव्हान्स वाढतो, टॉर्क वाढतो, गाडी पुढे उडी घेते. ४,५०० ओलांडला की अ‍ॅडव्हान्स गळतो, टॉर्क पडतो, गाडी मागे येते, आणि पुन्हा तोच फेरा. आता तिथे +१, +१.५, +१ आहे. बाकीच्या रकान्यांतही शेजारच्या दोन सेलमध्ये २ अंशांपेक्षा जास्त उडी ठेवलेली नाही.

दुसरी छोटी कमाई लॉगची. वाइडबँडचा आकडा त्याच क्षणाचा नसतो. वायू पाइपातून सेन्सरपर्यंत येईस्तोवर इंजिन पुढच्या सेलमध्ये गेलेलं असतं. कमी आरपीएमला लॅम्डाचा रकाना २०० मिलिसेकंद मागे सरकवला, वर गेल्यावर कमी. आलेख एकदम माणसात आला. जे खड्डे ५,००० ला वाटत होते ते खरं तर ४,६०० चे होते.

सेन्सरबद्दल दोन शब्द. वाइडबँडसाठी बॉशचा एलएसयू ४.९ घ्या, जुना ४.२ घेऊ नका. ४.९ ला मोकळ्या हवेत कॅलिब्रेशनची कटकट नाही. भाव संशयास्पद स्वस्त असेल तर खोक्यावरच्या नावावर जाऊ नका. बंग तिरका, सेन्सरचं तोंड खाली, म्हणजे सकाळचं पाणी त्यावर साचत नाही. आणि हीटरला वीज नसताना सेन्सर पाइपात ठेवून गाडी चालवू नका, काजळी धरून मरतो.

फ्लॅश की पिगीबॅक हे परत परत विचारलं जातंय. फ्लॅश तत्त्वतः सरस आहे. ईसीयूचं मूळ टेबलच बदलतं, त्यामुळे वरचं ओतणं-काढणं उरत नाही आणि जोडण्यांचं जंगल नाही. पण फाइल दुसऱ्याची आणि आपण प्रवासी. एक सेल बदलायचा तर परत त्याच्याच दारात. पॉवर कमांडर, पॉवरट्रॉनिक या जातीच्या पेट्यांमध्ये संध्याकाळी लॅपटॉप लावून स्वतः खेळता येतं, आणि उद्या गाडी विकायची तर काढूनही घेता येतं. ज्याला फक्त हुंदके घालवायचेत त्याने ऑप्टिमायझरवर थांबावं. स्टँडअलोन ईसीयूची (मूळ ईसीयू काढून पूर्ण वेगळा लावायची) खाज मलाही येते, पण रोज ऑफिसला न्यायच्या गाडीवर नको.

पुढचा बेत होता फुल थ्रॉटलवर सरळ ७ टक्के वाढवायचा, ई२० (२० टक्के इथेनॉलचं पेट्रोल) साठी. शुद्ध पेट्रोलचं योग्य हवा-इंधन प्रमाण (एएफआर) १४.७, ई२० चं साधारण १३.५. मीटरवर मात्र लॅम्डा १ ला १४.७ च दिसणार, कारण तो लॅम्डाला १४.७ ने गुणून दाखवतो. म्हणून मी एएफआरमध्ये बोलणं बंद केलंय. इंजेक्टरला जागा आहे का तेही तपासलं. ९,५०० आरपीएमला इंजिनच्या दोन फेऱ्यांना १२.६ मिलिसेकंद मिळतात, लॉगमध्ये पल्स (इंजेक्टर उघडा राहायची वेळ) ९.८, म्हणजे ७८ टक्के ड्युटी. ७ टक्के वाढवले तर ८३. ८५ च्या आत, चालेल.

पण हे लिहितानाच लक्षात आलं. ट्रिम ओपन लूपमध्ये जात असेल तर ई२० ची भरपाईही ईसीयू क्लोज्ड लूपमध्ये शिकून वर नेत असणार. आत्ताचं ०.८९ त्या भरपाईसकट आहे. त्यावर आणखी ७ टक्के म्हणजे ०.८३, उगाच पेट्रोल जाळणं. तेव्हा ७ टक्के रद्द. आधी ताम्हिणीत चढावर लांब लॉग घेणार, मग फार तर १–२ टक्के, तेही ७,००० च्या वर. तोवर कोणाकडे पहिल्या पिढीच्या ३९० चं मूळ इग्निशन टेबल वाचून ठेवलेलं असेल तर धाडा. माझे +१.५ नेमके कशावर बसलेत ते मला बघायचंय.