बाबांचा श्वास आणि जिभेची नस
आज बाबांना परळला झोपेच्या डॉक्टरांकडे नेलं. सीपॅपचा (झोपेत हवेच्या दाबाने घसा उघडा ठेवणाऱ्या यंत्राचा) मास्क ते मध्यरात्री काढून टाकतात, मग घोरणं आणि मध्येच श्वास अडकणं. आई कान देऊन जागीच असते.

डॉक्टरांनी एक वेगळा उपचार समजावला. कॉलरबोनखाली पेसमेकरसारखं छोटं यंत्र बसवतात. ते श्वासाची लय ओळखून जीभ हलवणाऱ्या नसेला हलका विद्युत संकेत देतं. जीभ पुढे सरकते, घशातली वाट मोकळी राहते. झोपताना रिमोटने सुरू करायचं, बस. १२६ रुग्णांच्या चाचणीत वर्षभरात श्वास अडकण्याचं तासाचं मध्यक प्रमाण २९.३ वरून ९ वर आलं. अमेरिकेत २०१४ ला मान्यताही मिळाली.

पण सरसकट कुणालाही बसवत नाहीत. आधी औषधाने झोपवून दुर्बिणीतून घसा कसा मिटतो ते बघतात. टाळूपाशी चारी बाजूंनी मिटत असेल तर उपयोग होत नाही.

बाबा म्हणाले, "छातीत वायर नको गं." मला वाटतं, निदान तपासणी तरी करावी. तोवर दुसरा मास्क आणलाय, फक्त नाकावर बसणारा. तुमच्या घरी कुणी वापरत असेल तर सवय कशी लागली, नक्की लिहा.