दहानंतरचा दरबारी

शनिवार, रात्रीचा एक

झोप लागणार नाही हे ठाऊक आहे, म्हणून लिहायला बसले. तानपुरा कानातून जायला तयार नाही.

खेड्यातल्या एका ओसरीवरचं गाणं साडेसहाचं, सुरू झालं सातला. एक तर स्पीकर. मैदानावरच्या सभेला आणतात तसले दोन उंच डबे ओसरीच्या दोन्ही टोकांना उभे केलेले, आणि ऐकणारी माणसं जेमतेम चाळीस. तानपुऱ्याची तार छेडली की ते घुं करून उठायचे. दुसरं म्हणजे हवा. दुपारी मोठी सर येऊन गेली होती आणि काळी एकला, म्हणजे पेटीच्या पहिल्या काळ्या पट्टीच्या सुराला, लावून ठेवलेला तबला तेवढ्यात उतरला होता. चामड्यात ओल शिरली की ताण सैल पडतो, स्वर खाली येतो. तबलजींनी हातोडी काढली. तबल्याच्या कडेचं एक घर, म्हणजे सूर लावायची जागा, जुळलं की त्याच्या बरोबर समोरचं, मग पुन्हा पहिलं. गजऱ्यावर, म्हणजे कडेच्या वेणीवर, हलका ठोका, चाटीवर, म्हणजे किनारीवर, बोट, मान तिरकी. सभागृहात हे सगळं पडद्यामागे उरकतात. आज तीन फुटांवर बसून बघितलं आणि खरं सांगायचं तर कंटाळा आला नाही.

गाणाऱ्या बुवांनी मारवा राग काढला. तानपुऱ्याची पहिली तार पंचमातून (प) निषादात (नी) आणलेली, कारण मारव्यात पंचम नाहीच. षड्जावरही (सा) गाणारा सुखाने टेकत नाही. कोमल रिषभ (रे) आणि धैवत (ध) यांच्यात तुम्हाला लोंबकळत ठेवतो. पश्चिमेची लाली उतरत होती, दिवे लावायचं कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, आणि बुवांचा चेहरा हळूहळू दिसेनासा झाला. मारवा संध्याकाळचा, संधिप्रकाश राग, हे मी परीक्षेत लिहून गुण मिळवलेत. पण आजवर तो ऐकला तो बंद हॉलमध्ये, पांढऱ्या झोतात, बाहेर ऊन आहे की अंधार याचा पत्ता नसताना. आज बऱ्याच वेळाने षड्ज लागला तेव्हा कुणीतरी हातातलं ओझं घेतल्यासारखं वाटलं. नेमका तेव्हाच कुणीतरी दिवा लावला. तो लावला नसता तर बरं झालं असतं.

अर्ध्या तासात दहाबारा जण उठून गेले. त्यांना नावं ठेवायची माझी इच्छा नाही. विलंबित, म्हणजे संथ एकतालाच्या बारा मात्रा (मोजायचे ठोके), एक आवर्तन, म्हणजे तालाची एक फेरी, जवळजवळ मिनिटभराचं, आणि काय चाललंय हे सांगायला कुणी नाही. राग आला तो संयोजकांपैकी एकाचा. माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "खेड्यात शास्त्रीय कोण ऐकतंय!" गायिका गंगूबाई हनगल हुबळीहून रेल्वेने कुंदगोळला जायच्या, आपले गुरू सवाई गंधर्वांकडे शिकायला. कुंदगोळ काही महानगर नव्हे. हे त्याला सांगायचं होतं, पण पुढच्या यमन रागाचा आलाप सुरू झाला आणि राहिलं.

मध्यंतरात एक नऊदहा वर्षांचा मुलगा थेट बुवांसमोर जाऊन उभा राहिला. "एकच ओळ किती वेळा म्हणता?" आई मागून ओढत होती. बुवा हसले. म्हणाले, "आता तालाचे सोळा ठोके मोजायचे. सोळा संपले की एकावर मी कुठे येतो ते पकड. पकडलंस की टाळी." मुलगा पुढे येऊन मांडी घालून बसला आणि ओठ हलवत मोजायला लागला. पहिल्या काही टाळ्या कुठेही पडल्या. एक तर अशी की तबलजीच दचकले.

दहाला माइक बंद केला. २००० सालचा ध्वनिप्रदूषणाचा नियम आहे, रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक चालवायचा नाही. राज्य सरकार वर्षात फार तर पंधरा दिवस बारापर्यंत सूट देऊ शकतं. आजचा दिवस त्यात नव्हता. या नियमाच्या नावाने आम्ही गाणं ऐकणारे नेहमी बोटं मोडतो. रात्रीचे राग मैफलीतून गेले ते यानेच, असं मीही शंभरदा म्हटलंय. बुवा मात्र शांतपणे म्हणाले, "बंदी भोंग्याला आहे, गळ्याला नाही. जवळ सरका."

सरकलो. उरलेले पंचवीसेक जण सतरंजीच्या पुढच्या निम्म्या भागात मावले. तार पुन्हा पंचमात आली आणि बुवांनी रात्रीचा राग दरबारी धरला.

माइकवरचा दरबारी मी पुष्कळ ऐकलाय. त्यातला कोमल गंधार (ग) नेहमी मोठा, भव्य वगैरे वाटायचा. आज तो लहान होता. नेहमीच्या कोमल गंधाराहून किंचित खाली, रिषभाच्या आधाराने हलणारा, आणि त्या हलण्याच्या शेवटी बुवांचा श्वास ऐकू यायचा. मंद्रात, म्हणजे खालच्या सप्तकात, उतरताना आवाज इतका बारीक झाला की तबलजींनी तळहात उचलून नुसत्या बोटांवर ठेका धरला. पेटीवाल्यांनी भाता जवळपास थांबवला. मग ऐकू आली ती जवारी, म्हणजे तानपुऱ्याच्या तारांची गुणगुण, तारेखालच्या दोऱ्याने उघडलेली, मधमाश्यांसारखी. बाहेर रातकिडे होतेच. त्यांचा स्वर षड्जाच्या जरासा वर होता, आणि एकदा बुवांनी तिकडे बघून असा चेहरा केला की सगळे हसलो.

द्रुत, म्हणजे जलद तीनतालात त्या मुलाची टाळी समेवर, नेमकी त्या एकावर, पडली. एकदाच. बुवांनी तान संपवता संपवता त्याच्याकडे बोट दाखवलं.

नंतर तानपुरा गवसणीत घालायला मी हात लावला. मिरजेचा. तिथल्या सतार-तानपुऱ्यांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. भोपळ्यावर हात ठेवला तर तारा सैल केल्यावरही आत काहीतरी थरथरत होतं, की माझाच हात, कोण जाणे. हा भोपळा कुठल्या तरी शेतात वेलीवर लागला होता, हे इतक्या वर्षांत कधी डोक्यात आलं नव्हतं.

उद्या सकाळी सहाला भैरव गाणार म्हणाले. सहाला भोंगाही चालतो, पण निघताना पाहिलं तर ते दोन्ही डबे टेम्पोत चढवलेले होते. पाचचा गजर लावलाय.